ओळबाईंची साक्ष

ओळबाईंचं खरं नाव मुलांना ठाऊक नव्हतं असं नाही, पण ते कुणी घेत नसे. ड्रायक्लीनरच्या दुकानावरच्या खोलीत त्यांचा क्लास होता. खालून इस्त्रीची वाफ यायची, ओल्या कोटांचा वास यायचा, आणि वर बाई पोरांना वाचायला शिकवायच्या. हो, वाचायला! मिसरूड फुटलेल्या, घरच्यांना अक्कल शिकवणाऱ्या पोरांना. कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत वाचनाचा एक पेपर असतो आणि त्यात भलेभले आपटतात. उतारा समोर, उत्तर उताऱ्यातच, तरी आपटतात. "कारण तुम्ही उतारा वाचत नाही, स्वतःचं डोकं वाचता," बाई म्हणायच्या. कुणी उत्तर दिलं की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असे: "ओळ कुठंय?" म्हणून त्या ओळबाई.

हे खूळ त्या क्लासला कुलूप लावून मागे ठेवून येत असत तर बरं झालं असतं. भाजीवाला म्हणाला, "ताजी आहे हो बाई," की "कशावरून?" डॉक्टर म्हणाले, "काळजीचं कारण नाही," की "कशावरून?" तरुणपणी एकानं त्यांना मागणी घातली होती. भला माणूस, बँकेत नोकरीला. धीर करून म्हणाला, "मला तुम्ही फार आवडता." बाई म्हणाल्या, "कशावरून?" तो बिचारा विचार करायला म्हणून जो गेला तो गेलाच. हा किस्सा बाईंचा धाकटा भाऊ आल्यागेल्याला सांगायचा आणि बाईसुद्धा हसायच्या. पण खोटं कशाला बोला, एकटं राहिलेलं माणूस असल्या विनोदाला किती मनापासून हसतं ते त्याचं त्यालाच माहीत.

त्या भावाकडेच राहायच्या. भाऊ काचवाला, खिडक्यांच्या काचा कापून बसवायचा. भावजय हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात होती. आणि त्यांची एकुलती एक पोरगी, खारू. लहानपणी पेन्सिली कुरतडायची म्हणून खारू. मोठी झाली तरी कुरतडणं गेलं नाही आणि नावही गेलं नाही. आत्याचा तिच्यावर भारी जीव. तिची पहिली गोष्टीची पुस्तकं आत्यानं आणलेली, तिचा ताप आत्यानं जागून काढलेला. पण क्लासात खारू बसली की आत्या आत्या राहत नसे, आणि परक्या पोराला एक बोलणं तर हिला चार.

त्याला कारण होते जोडप्रश्न. या पेपरातला सगळ्यांत खडूस प्रकार तो. पहिला प्रश्न विचारतो, उताऱ्यावरून काय दिसतं? लगेच दुसरा विचारतो, आधीच्या उत्तराला सर्वांत चांगला पुरावा कोणत्या ओळीत आहे? खाली चार ओळी, चारही उताऱ्यातल्या, म्हणजे खोटी एकही नाही. बाई शिकवायला नेहमी एकच उतारा घ्यायच्या. एक निवृत्त पोस्टमन आहे, त्याला काम सुटल्याची हुरहूर आहे, हे झालं उत्तर. आता ओळी बघा. 'शेजारी विचारत, कामाची आठवण येते का?' यात काम आहे, आठवण आहे, पोरं झडपच घालायची. "अरे, विचारणारा शेजारी! तो काय बोलला ते आहे का तिथं? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून आणता?" दुसरी ओळ, 'आयुष्यभर त्यानं टपाल वाटलं.' खरं आहे, पण आयुष्यभर वाटून तो विटला होता असंही त्यातून निघेल. मग तिसरी, 'अजूनही सकाळी तो बूट घालून, नाड्या बांधून दाराशी बसून राही.' ही ओळ वाचताना बाईंचा आवाज इतक्या वर्षांनीसुद्धा जरा हलायचा. "ही पुराव्याची. खरी ओळ चुकीच्या जागी लावलीत, तर ती खोटीपेक्षा वाईट, लक्षात ठेवा."

आणि यावर त्यांचा एक कायदा होता. आधी पहिला प्रश्न सोडवायचा, तोवर खालच्या चार ओळी झाकून ठेवायच्या. त्यासाठी त्या जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या स्वतः कापून द्यायच्या. बाहेरचे काही क्लासवाले उलटं शिकवत: आधी ओळी वाचा, त्यावरून वरचं उत्तर जुळवा. बाईंना त्याची चीड होती. "ही चोरवाट आहे. मागच्या दारानं घरात शिरणारा पाहुणा नसतो, चोर असतो," असं त्या भर वर्गात म्हणायच्या.

खारूचं काय व्हायचं, तर पट्टीच्या वरच्या प्रश्नाचं उत्तर ती झटकन बरोबर द्यायची आणि पट्टी काढली की हमखास भलतीच ओळ निवडायची. "ही का गं घेतलीस?" तर म्हणे, "मला ती आवडली." सगळा वर्ग खो-खो हसायचा. "आवडायला ते काय मांजराचं पिल्लू आहे?" बाई कडाडायच्या. पहिल्या वर्षी परीक्षेत ती याच प्रश्नांवर आपटली. दुसऱ्या वर्षी बाईंनी तिला घरीही सोडलं नाही. जेवणाच्या टेबलावर उतारे, बसस्टॉपवर उतारे. भावजय म्हणायची, "ताई, पोरीला घास तरी गिळू द्या." पण सरावाचे पेपर शेवटपर्यंत तसेच येत राहिले. अर्थ बरोबर, ओळ चूक.

परीक्षेच्या दिवशी खारू घरी आली ती सरळ मोरीत गेली आणि कितीतरी वेळ तोंड धूत राहिली.

"कसा गेला?" बाईंनी विचारलं.

"गेला," ती म्हणाली, आणि आत्याकडे न बघता आत निघून गेली.

निकाल लागला आणि घरातल्यांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. वाचनात जवळजवळ सगळे गुण! भावानं गल्लीभर सांगितलं, गिऱ्हाइकांना सांगितलं, ज्याला काच नको होती त्यालाही थांबवून सांगितलं. खारूला फिजिओथेरपीला जायचं होतं आणि तशी जागा तिला मिळालीही. बाई आनंदानं तिला पोटाशी धरायला गेल्या तर पोरगी अंग चोरून उभी राहिली. ते बाईंच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांच्या नजरेतून काहीच सुटत नसे, हेच तर त्यांचं दुखणं.

मग परीक्षा मंडळाचं पत्र आलं. निकाल रोखून ठेवला होता. मागच्या वर्षीपेक्षा गुण फारच वाढले होते, आणि पुढच्या बाकावरच्या मुलाची नि हिची सगळ्या जोडप्रश्नांची उत्तरं तंतोतंत सारखी होती. उमेदवारानं खुलासा करावा, आणि तिच्या शिक्षकानं सरावातल्या कामगिरीबद्दल लेखी निवेदन द्यावं. निकाल कायम झाला तर जागा पक्की. रद्द झाला तर जागा गेली, वर कॉपीचा शिक्का जन्माचा.

"त्या मुलाचीही बरोबर, हिचीही बरोबर! बरोबर उत्तरं काय प्रत्येकाची वेगळी असतात?" भाऊ ओरडला. "कर नाही त्याला डर कशाला. ताई, तू फक्त दोन वाक्यं लिही, पोरगी हुशार आहे म्हणून."

"हुशार आहेच रे. पण..."

"पणबिण काही नको."

"मी खोटं लिहिणार नाही."

"खोटं लिही असं कोण म्हणतंय? खरं जेवढं लागतं तेवढंच लिही ना!"

खारूनं आपला खुलासा लिहून टेबलावर ठेवला होता. 'मी कॉपी केलेली नाही. सगळे प्रश्न मी स्वतः सोडवले.' एवढंच. बाईंनी तो वाचला आणि त्यांच्या मनात पहिलं काय आलं असेल? ओळ कुठंय, हेच आलं. त्यांना स्वतःचीच शिसारी आली, पण आलं ते आलं.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. सरावात जे कधीच जमलं नाही ते परीक्षेत एकदम कसं जमलं? ते तोंड धुणं, ते अंग चोरणं, ते नजर चुकवणं. सगळं एकाच उत्तराकडे बोट दाखवत होतं. मुलीला सरळ विचारावं असं बाईंना कितीदा वाटलं. एकदा ती दोरीवर कपडे वाळत घालत होती, तेव्हा जवळही गेल्या. पण चिमट्यांची टोपली हातात देऊन परत आल्या. ती 'हो' म्हणाली तर काय, याची भीती होती. आणि 'नाही' म्हणाली तर आपल्याला ते खरं वाटणार नाही, याची त्याहून मोठी.

शेवटी क्लासात बसून त्यांनी पानभर निवेदन लिहिलं. मुलगी प्रामाणिक आहे, मेहनती आहे, उताऱ्याचा अर्थ तिला चटकन कळतो, कधी कुणाच्या वहीत डोकावताना मी तिला पाहिलेली नाही. आणि मध्ये एक वाक्य: 'मात्र सरावात तिला पुराव्याची ओळ सहसा सापडत नसे.' हे वाक्य त्यांनी दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. सगळं खरं सांगायचं तर हेही सांगायला हवं, असं त्यांचं म्हणणं. पान पाकिटात घालताना त्यांना जरा अभिमानही वाटला. सख्ख्या भाचीच्या बाबतीतसुद्धा आपल्या तराजूचा काटा हलला नाही! माणूस स्वतःवर खूश झाला की समजावं, काहीतरी चुकतंय.

मंडळाचं उत्तर आलं ते भावजयीनं फोडलं. निकाल रद्द. कारण दिलं होतं, 'उमेदवाराच्या शिक्षिकेच्या निवेदनानुसार सरावात तिला पुराव्याची ओळ सहसा सापडत नसे.' पानभर मजकुरातली तेवढीच ओळ त्यांनी उचलली होती. हरकत असल्यास आठवड्याच्या आत समक्ष येऊन मांडावी.

"एवढं पानभर लिहिलंत ताई, त्यात त्यांना हेच बरं सापडलं!" भावजयीचा आवाज चिरका झाला. "माझ्या पोरीचं वाटोळं करायला परकं कुणी लागलंच नाही."

"पण ती ओळ त्याचा पुरावाच नाही!" बाई म्हणाल्या. "सरावात जमत नव्हतं, एवढंच त्यातून निघतं. कॉपी केली हे निघतच नाही. हे तर सुतावरून स्वर्ग गाठणं झालं!"

"मग लिहिलीस कशाला?" भावानं विचारलं.

"खरी होती म्हणून."

भाऊ दुकानात निघून गेला.

तेव्हा खारू दाराशी आली. हातातल्या पेन्सिलीचं टोक चावून चावून तिनं भुगा केला होता. म्हणाली, "आत्या, मी चोरवाटेनं केलं."

"म्हणजे?"

"यंदा हॉलमध्ये पट्टी नेऊ देईनात. दारातच काढून घेतली. मी हातानं झाकून बघितलं, पण घामानं कागद चिकटायला लागला. मग म्हटलं जाऊ दे, आणि खालच्या ओळीच आधी वाचल्या. एकेक ओळ घेऊन स्वतःला विचारलं, ही ओळ कशाचा पुरावा आहे? मग वरचं उत्तर आपोआप दिसायला लागलं. सगळी तशीच केली." "तू म्हणतेस ना, असं करणारा चोर असतो. म्हणून तुला सांगितलं नाही."

ज्या अपराधी चेहऱ्याला बाई गुन्ह्याची खूण समजत होत्या, ती फक्त आत्याची आज्ञा मोडल्याची खूण होती. त्यांनी कपाटातून कुणीही न सोडवलेला एक पेपर काढला आणि तिच्यापुढे ठेवला. खारूनं तो तिथेच, स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्याउभ्या सोडवला. एकही ओळ चुकली नाही. बाई तपासत गेल्या आणि डोळे पुसत गेल्या. दोन वर्षं पोरीच्या डोळ्यांवर पट्टी आपणच बांधली होती आणि वर तिला दिसत नाही म्हणून रागावत होतो, हे त्यांना कळून चुकलं.

त्यांनी दुसरं निवेदन लिहिलं, सगळी हकीकत घातली, नवा पेपर जोडला आणि खारूला घेऊन मंडळाच्या कचेरीत गेल्या. लांबलचक खोली, भिंतीला लागून लोखंडी कपाटं, पंख्याखाली उडू नयेत म्हणून कागदांवर ठेवलेले स्टेपलर. समोरच्या अधिकारी बाईंच्या गळ्यात चष्मा दोरीनं लोंबत होता. ही अधिकारी बाई कजाग वगैरे नव्हती हो. तिनं दोघींना बसवलं, पाणी मागवलं, आणि खारूचं म्हणणं एकदाही न तोडता ऐकलं.

"हे तू केलंस ते कुणी पाहिलं का?" मग तिनं विचारलं.

"मनात केलं ना."

"मनातलं मला दिसत नाही, बाळ."

"मग तिला इथंच एखादा उतारा द्या," ओळबाई पुढे सरसावून म्हणाल्या. "आत्ता, तुमच्यासमोर सोडवेल."

"सोडवेलही. पण आज येतं, म्हणून त्या दिवशी येत होतं असं कसं म्हणू? मधल्या काळात तुम्ही शिकवलं असेल." अधिकारी बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि दोन्ही निवेदनं शेजारी शेजारी ठेवली. एक जुनं, एक नवं, दोन्हींवर अक्षर एकच. "मला खरंच मदत करायची आहे. माझ्या जागी तुम्ही बसा. तुम्ही तर हेच शिकवता. परीक्षेच्या दिवशी हिला जोडप्रश्न येत होते का, असा प्रश्न आहे. या दोन्हींत चांगला पुरावा कोणता?"

आणि इथं बाईंची उभ्या जन्माची सवय आडवी आली. प्रश्न कानावर पडला आणि तो कोण विचारतंय, कुठं विचारतंय, शेजारी कोण बसलंय, हे सगळं मागे पडलं. वर्गात फळ्यापुढे उभं राहून सांगावं तसं त्या ताडकन म्हणून गेल्या, "पहिला."

"का?"

"तो कुणाच्या रडण्याआधी लिहिलेला आहे. आणि लिहिणारी घरचीच असून घरच्यांच्या फायद्याविरुद्ध लिहिलेला आहे. दुसरा मात्र निकाल रद्द झाल्यावरचा आहे, तो..."

बाईंची नजर बाजूला गेली. शेजारी खारू बसली होती.

"तो खरा आहे," बाई घाईघाईनं म्हणाल्या. "दुसराच खरा आहे. माझ्या डोळ्यांदेखत तिनं... अहो, पहिल्यात मी जे लिहिलं त्यामागचं कारण मला तेव्हा कळलंच नव्हतं!" त्या टेबलावर वाकून बोलत राहिल्या, पट्टीचं सांगितलं, चोरवाटेचं पुन्हा सांगितलं, हात जोडले. आयुष्यात कुणापुढे हात न जोडलेली बाई ती. अधिकारी बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा मवाळ होता, पण पेन चालू झालं होतं.

"पुढच्या वर्षी बसू द्या तिला," त्या कागद आवरत म्हणाल्या. "शिक्क्याचं मी बघते काही सौम्य करता येतं का. पण यंदाचा निकाल मला कायम करता येणार नाही. कारण तुम्हीच सांगितलंत ते."

दोघी बाहेर आल्या. व्हरांड्यात बाकावर आणखी कुणीतरी मायलेकी आपल्या नंबराची वाट बघत बसल्या होत्या. बाईंनी खारूचा हात धरला, तो तिनं सोडवून घेतला नाही, पण तो नुसताच त्यांच्या हातात राहिला.

"माझ्यावर रागव गं," बाई म्हणाल्या. "ओरड, काहीही बोल. मी तुझी जागा घालवली. दोनदा घालवली. मला काय झालं होतं तिथं, माझं मलाच कळत नाही. तू म्हणशील ते मी करते, आत्ता परत आत जाते..."

"नको," खारू म्हणाली. तिनं डोळे पुसले. मग वर्गात उत्तर द्यायची तशा हळू आवाजात म्हणाली, "तुझं उत्तर बरोबर होतं, आत्या." त्यात टोमणा नव्हता, तेच बाईंना सोसवेना.